तुझे ट्रे, माझे दोन तास

प्रिय घाईबाई,

कंपनीच्या मासिकातला तुझा फोटो पाहिला. हातात फुलं, शेजारी मोठे साहेब, आणि खाली छापलंय, ‘या हातांनी केलेला एकही जोड पंचवीस वर्षांत सुटला नाही.’ चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी खोटं बोलायला शिकवलं नाही, म्हणून सरळ लिहिते: जळले मी. जेवण गेलं नाही.

आपली टेबलं शेजारी. प्रकाश वाहून नेणारी केसाएवढी काचेची तार बारीक नळीत घालायची, गोंद भरायचा, तो पक्का व्हायला ट्रे भट्टीत ठेवायचा. तुझे शंभर जोड व्हायचे तेव्हा माझे साठ. साहेब मला कासव म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचीस तू. वीस मिनिटांत ट्रे बाहेर काढून पर्स उचलायचीस, कारण घरी आई अंथरुणाला खिळलेली. ते मला ठाऊक होतं. एकदा तुझा एक जोड मी आठवडाभर चाचणीच्या गरम, दमट पेटीत ठेवला. वरून गोंद दगडासारखा, आत मात्र कच्चा, आणि तार मागे सरकलेली. तुला दाखवला, तर म्हणालीस, “बाई गं, तुझा तर स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही.” साहेबांना दाखवला असता तर तुझी नोकरी गेली असती.

म्हणून तू गेलीस की तुझे ट्रे मी पुन्हा भट्टीत ठेवायची, मंद आचेवर, दोन तास. नऊ वर्षं, तू टेबल सोडून वरच्या जागेवर जाईपर्यंत. रोज बस चुकायची. आमचे हे म्हणायचे, त्या भट्टीशीच संसार थाटायचा होतास. सकाळी तू ट्रे उचलायचीस आणि शाबासकीही.

हे मी कधीच बोलले नसते. पण मासिकाच्या पुढच्या पानावर लिहिलंय की तुझे जुने जोड इतके टिकले, म्हणून तुझी वीस मिनिटांची पद्धत आता नव्या कारखान्यात नियम होणार, आणि तिथले जोड ऑपरेशनच्या यंत्रांत बसणार. सोमवारी तिथे तुझं भाषण आहे. त्यात सांग: वीस मिनिटांनंतर मंद आचेवर आणखी दोन तास. फुलं ठेव तुझ्याकडे. हे कोण करत होतं, असं कुणी विचारलं तर माझं नाव घे, पूर्ण नाव. आणि सोमवारी तुझी जीभ उचलली नाही, तर मंगळवारी मी स्वतः येईन. मी किती सावकाश आणि किती वेळ बोलते, ते तुला माहीत आहे.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची कासव