शंभर शब्दांत न मावलेले बाबा

विनिपेग, रविवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. थंडी सोसते, जेवणही वेळेवर होतं, बहुतेक. तुमचा खोकला कसा आहे? खरं सांगा, नुसतं 'बराय' नको.

आमच्या लेखन-गटात या वेळी शंभर शब्दांची गोष्ट न्यायची होती. मी तुम्हालाच नेलं. जेवणाच्या टेबलावर तुम्ही वादळातल्या बोटीचा आणि तिच्यावरच्या कुत्र्याचा किस्सा रंगवताय आणि आई ओरडतेय, "आटपा हो, सूप गार झालं!"

आमच्याकडे गोष्ट वाचून झाली की लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, बाकीचे बोलणार. कुणी म्हणालं, कुत्रा काढून टाक. कुणी म्हणालं, बोटीचं नाव कशाला हवंय? मग म्हाताऱ्या ओल्गाबाई म्हणाल्या, "अरे, किस्सा संपला की पोरगी टेबलावरून उठून जाईल, म्हणून लांबण लावतोय तो बाप."

"हं, आता तू बोल," सगळे म्हणाले. मी वही मिटली आणि घरी येऊन तुम्हाला हे पत्र लिहायला बसले.

बाबा, तो किस्सा मला लिहून पाठवा. कुत्र्यासकट, बोटीच्या नावासकट. आईला म्हणावं, सूप गार होऊ दे. मी उठत नाही.

तुमची,
ब्रायडी