बेटावरचा सगळ्यात मोठा दिवस

४ ऑगस्ट
आजपासून शाळेची बाग. निर्णय पक्का. शाळेमागच्या पडीक जागेत कोनफळं लावायची आणि प्रत्येक पोराला स्वतःचा मातीचा ढीग द्यायचा. पोरांच्या हाताला माती लागली की पाय इथंच राहतात, हा माझा सिद्धांत. मग ऑकलंडला जायचं खूळ आपोआप जाईल.
लोसालीनला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, बाबा, पोरं कुठं जातात, आईबाप नेतात त्यांना. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही. नवरा देवाघरी गेल्यापासून पोरीचं कशात मनच नसतं.

११ ऑगस्ट
लागवड झाली. मी सूचना दिल्या, पोरांनी खणलं. संध्याकाळी पाहतो तर नात आपला ढीग उकरत बसलेली. कोंब आला का बघतेय म्हणाली. रागावलो. पिसिला, उकरून बघितलं की वाढत नाही, लावायचं आणि विसरायचं! तर म्हणे, आजोबा, विसरलं तर लक्ष कोण ठेवणार? उलट बोलण्यात थेट आईवर गेलीय.

२ सप्टेंबर, रविवार
पाद्रीबुवांची डुकरीण कुंपण मोडून बागेत शिरली. मी रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून प्रार्थनेला निघालेलो. रविवारी काम करायचं नाही. कुंपण बांधणं म्हणजे काम, त्यात वाद नाही. पण डुक्कर हाकलणं? यावर चर्चच्या दारात बरीच चर्चा झाली. पाद्रीबुवा म्हणाले, हाकलायला हरकत नाही, पण धावायचं नाही, घाम आला की ते काम. चालत हाकलली. तिनंही सावकाश खाल्लं.
उद्या नवं कुंपण. मी स्वतः.

९ सप्टेंबर
पाठ धरलीय. कुंपण पिसिलानं पोरं जमवून झावळ्यांनी बांधलं. नेतृत्व माझंच म्हणायचं.

२० ऑक्टोबर
संध्याकाळी मुळं कुटून केलेला कावा प्यायला मंडळींत बसलो. कौफुसी म्हातारा म्हणाला, मास्तर, तुमची कोनफळं पाहुणी होती का हो, आली नि गेली? सगळे फिदीफिदी हसले. मीही वाडगा खाली ठेवून ठणकावलं, उरलीत ती कोनफळं बेटावरच्या सगळ्यात मोठ्या दिवशी निघतील, त्याआधी कोणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. छाप पडली.
माझ्या मनात शिक्षणखात्याच्या साहेबांची भेट होती. तसं बोललो नाही, बोलायला हवं होतं का? छे.

१२ डिसेंबर
दोन घरं ऑकलंडला गेली. सुट्टीपुरती असणार. पोरांनी जाताना आपापले ढीग पिसिलाला दिले.

६ फेब्रुवारी
शाळा सुरू. बाकं मोकळी आहेत, हवा छान खेळते. पिसिलाकडे आता अर्धी बाग आहे.
लोसालीनच्या भावानं ऑकलंडहून तिचे तिकडे जायचे कागद भरलेत. काळजीचं कारण नाही. सरकारी कागद म्हणजे कासव.

१५ एप्रिल
वेल पिवळे पडले, म्हणजे खाली फळ तयार. साहेब पुढच्या महिन्यात येणार. माझा बेत असा: साहेब बाग बघणार, थक्क होणार, शाळेला माझ्या जोडीला शिक्षिका मंजूर करणार. ती लोसालीन. तिला अजून सांगितलेलं नाही. एकदम खूश करायचं.

९ मे
कागद आले.
लोसालीननं नीरफणस सोलता सोलता सांगितलं. मी म्हटलं, साहेब येणारेत. ती म्हणाली, बाबा, मी जाते म्हणतेय, पिसिलाला घेऊन जातेय, तुम्ही ऐकताय ना? मी बाग बघायला गेलो. तिथं काही बघण्यासारखं नव्हतं.

१७ मे
सकाळीच कौफुसी निम्मं गाव घेऊन बागेत. हातात खणायच्या काठ्या. निरोपाच्या जेवणाला कोनफळं हवीत. मी म्हटलं, ती साहेबांसाठी आहेत. म्हातारा म्हणाला, मास्तर, साहेब येईल तेव्हा येईल, पोरगी उद्या चाललीय. तुमच्या घरात याहून मोठा दिवस कुठला? शब्द तुम्हीच दिलात, आम्ही पाळला. कोणी एक वेल तोडला नाही.
कावा पिताना दिलेला शब्द मागे घेता येत नाही. म्हटलं, खणा.

१८ मे
कोनफळं उत्तम निघाली. भट्टीत भाजल्यावर तर साखरच, सगळे म्हणाले. मी खाल्लं नाही. पोट बरं नव्हतं.
पिसिलानं आपल्या सगळ्यात मोठ्या कोनफळाचं डोकं बियाण्याला कापून ठेवलं होतं. बोटीआधी ते आपल्या ढिगात पुरलं आणि मला दम दिला, आजोबा, उकरायचं नाही हं.
बोट दिसेनाशी झाली तरी धक्क्यावर उभा होतो. फार वाईट वाटलं. इथं लिहून टाकलं, आता विषय संपला.

२६ मे
साहेबांचा निरोप आला, ते येत नाहीत. एवढ्या पोरांसाठी शाळा चालवणं जमणार नाही, पुढच्या वर्षी मोठ्या बेटावरच्या शाळेत मिळवणार. बागेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.
नवा संकल्प: मोठ्या प्रमाणावर लागवड.

१४ जून
लागवड झाली नाही. जमीन ओली आहे.
काढलेलं कोनफळ महिनोन्‌महिने झोपतं, आत्ताच्या थंडीत त्याला कोंब येत नाही. हे मी वर्गात शिकवत आलोय.
संध्याकाळी पिसिलाचा ढीग उकरून बघितला. कोंब नव्हता. पुन्हा माती लोटली, वरून हात फिरवून सारखी केली. कोणी पाहिलं नाही.
उद्या उकरणार नाही.

१५ जून
उकरला.