बागेतून दिसणारा व्हरांडा

रविवार, १४ एप्रिल १९६३

बाग उघडली एकदाची. नगरपालिकेची, आमच्या नव्या वस्तीच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे. सकाळी जयंतीची मिरवणूक झाली, संध्याकाळी लेकरांना घेऊन बागेत गेलो. झोपाळे, घसरगुंडी, गोल फिरणारा लोखंडी पाळणा. बसायला सिमेंटचे बाक. कुणी विचारलं नाही कोण, कुठले. बसलो.

शेवंता नऊ वर्षांची, पण घसरगुंडीवर चार वर्षांच्या आनंदाच्या वरताण. किती महिन्यांनी तिला हसताना ऐकलं.

झोपाळ्याच्या मागं नाला, नाल्यापलीकडं चढ, चढावर क्षयाचा दवाखाना. बायकांच्या वॉर्डाचा व्हरांडा सरळ समोर. आजवर तो फाटकातूनच पाहिला होता. लेकरांची आई, कौसल्या, तिथं आहे, फेब्रुवारीपासून. लेकरांना आत नेऊ देत नाहीत.

शेवंताला काही बोललो नाही. आधी कौसल्येला विचारतो.

बुधवार, १७ एप्रिल

भेटीचा दिवस. आवारातल्या कडुनिंबाखाली बाक आहे. पाहुण्यांनी तिथंच बसायचं, वॉर्डात जायचं नाही. कौसल्या आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडते नेहमी.

बागेचं सांगितलं. मग म्हणाली, "म्हंजे मले लेकरं दिसतीन?"

"दिसतीन. एवढ्या दुरून तोंड नाही दिसणार. पण दिसतीन."

"आनंदाले कोणता सदरा घालसान?"

"पिवळा."

"मी रविवारी व्हरांड्यात उभी राह्यते. ऊन उतरलं का. पदर हालवीन."

रविवार, २१ एप्रिल

हलवला.

आनंद म्हणाला, "ते कोण हाय?" शेवंता म्हणाली, "आई." तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "एवढीशी?"

रविवार, १२ मे

ऊन असं की बागेतलं गवत पिवळं पडलं. झोपाळ्याच्या साखळ्यांना हात लावता येत नाही. वस्तीतली माणसं सूर्य बुडाल्यावर येतात. आम्ही आधीच जाऊन बसतो, कारण अंधार पडला की ती दिसत नाही. तीही उन्हातच उभी राहते. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना एकसारखी पांढरी लुगडी देतात. तिला आम्ही पदरावरून ओळखतो. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, सावकाश.

जवळच राहणारे शंकरसिंग आज लवकर आले होते. पांढरकवड्याच्या रस्त्यावर त्यांचा ट्रक चालतो. माझ्या शेजारी बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "बळीरामजी, झोपाळे काहून या बाजूले लावले बाप्पा? तिकडची हवा येते. लेकरायचं काम हाय."

मी म्हटलं, "येवढ्या दुरून काही नाही येत."

"तुमी डाक्टर हाय का?"

नाही. मी स्टेशनच्या मालधक्क्यावरचा कारकून आहे. माझी बायको तिथं आहे, हे त्यांना सांगायला हवं होतं का? वस्तीत शेजारच्या जैबुनबीशिवाय कुणाला माहीत नाही. सगळ्यांना वाटतं, ती वणीला माहेरी गेली आहे.

मंगळवार, ४ जून

आज खुंटीवरचं तिचं हिरवं लुगडं धुवायला काढलं आणि तसंच परत ठेवलं. अजून त्याला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे.

मी ड्युटीवर असलो की जैबुनबी लेकरांना जेवू घालतात. पलीकडच्या खोलीत राहतात. नवरा शिलाईमशिनी दुरुस्त करत गावोगाव फिरतो. आज म्हणाल्या, "भाऊ, तुमी बी खात जा. ती आली अन् तुमी असे दिसले, तं मले बोलीन ती."

ती आली — असं कुणी म्हटलं की बरं वाटतं. जेवलो.

बुधवार, १० जुलै

भेट झाली नाही. बाकावर बसून राहिलो. सिस्टर बाहेर आल्या, म्हणाल्या, "त्यांना पूर्ण विश्रांती सांगितलीय. काही दिवस भेट बंद."

"तब्येत?"

"डॉक्टर पाहताहेत. तुम्ही काळजी करू नका म्हणाल्यात त्या."

असं कुणी म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? डॉक्टरांना भेटायचं म्हटलं तर ते नागपूरला गेलेले. घरी येताना नाल्याच्या पुलावर थांबलो.

रविवार, १४ जुलै

आकाश भरून आलेलं, तरी लेकरांना घेऊन गेलो. व्हरांडा रिकामा होता. बाया आत असतील. शेवंता झोपाळ्यावर बसली, पण झोका घेतला नाही. आनंदानं पिवळा सदरा घातला होता. चिखलात बसकण मारली त्यानं, मी रागावलोसुद्धा नाही.

मग ती आली. खांबाला धरून उभी राहिली. पदर हलवला.

मी दोन्ही हात वर केले. बागेतली माणसं पाहत होती, पाहू देत. ती उभी राहू शकते. आता मला कडुनिंबाखालची भेट नाही मिळाली तरी चालेल. रविवार मिळाला म्हणजे झालं.

रविवार, ४ ऑगस्ट

आज तिनं खांबाला धरलं नाही. ताठ उभी होती. आम्ही निघेपर्यंत आत गेली नाही. विश्रांती मानवली म्हणायची.

आनंद म्हणाला, "आई मोठी झाली." शेवंतानं त्याला झोपाळ्यावर ओढलं, "चाल, मी झोका देते तुले." मोठी नाही रे, बरी झाली.

मंगळवार, २० ऑगस्ट

तान्हा पोळा. वस्तीतली सगळी लेकरं लाकडी बैल घेऊन बागेत. आनंदाचा बैल स्टेशनवरच्या सुताराकडून करून घेतला. चाकं लावली, शिंगांना जैबुनबींनी गोंडे बांधले. रविवार नव्हता, म्हणून आशा नव्हती. तरी मी त्याला उचलून कुंपणापाशी नेलं आणि त्यानं बैल वर धरला.

व्हरांड्यात ती होती. तिनं हातांनी बैलाला ओवाळल्यासारखं केलं, मग कानशिलाशी नेऊन बोटं मोडली.

आनंद केवढा खूष. रात्री बैल उशाला घेऊनच झोपला. मला मात्र झोप लागेना. लग्नानंतरचा आमचा पहिला पोळा आठवला. ती माझ्या गावच्या घराच्या दारात उभी होती, नवी, लाजलेली. आमच्याकडं बैल नव्हता. ती दुसऱ्यांच्या बैलांना पाहून हसली होती. तिचा आवाज आठवून पाहिला. आठवला, पण पुसट. त्याची भीती वाटली.

रविवार, ८ सप्टेंबर

झोपाळे हलवले. वस्तीतल्या लोकांनी अर्ज दिला होता, नगरपालिकेनं ऐकलं. घसरगुंडीही गेली. सगळं बागेच्या दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या टाकीमागं. तिथून दवाखाना दिसत नाही.

नाल्याच्या बाजूला नुसते खड्डे राहिलेत, खांब उपटलेले. आम्ही तिघं तिथं जाऊन उभे राहिलो. टाकीमागून लेकरांचा गलका येत होता. आनंद त्या बाजूला पाहत होता, पण गेला नाही. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला झोका दिला. पुढं, मागं. दंड भरून आले. वरून ती पाहत होती.

शंकरसिंग आले. "तिकडं काय करून राह्यले जी? झोपाळे इकडं हायेत."

मग सांगितलंच. "ती वरती हाय ना, ते माही घरवाली हाय. लेकरं तिले दिसावं म्हणून उभा हावो."

त्यांनी वर पाहिलं. मग, "मले काय माहीत," म्हणाले आणि गेले. रोज रात्री खेळायला येणारी त्यांच्या घरची लेकरं आज आमच्या अंगणात आली नाहीत. त्यांच्यावर राग धरावा असं वाटत नाही. भीती मलाही वाटते, फक्त वेगळी.

बुधवार, २ ऑक्टोबर

भेट उघडली. कडुनिंबाखाली बसलो होतो, एक बाई सिस्टरच्या हाताला धरून हळूहळू येत होती. ती बाकाशी थांबली तेव्हा ओळखलं. केवढी वाळलीय! गालांची हाडं, मनगट माझ्या बोटांत मावेल असं.

म्हटलं, "दुरून तं तू चांगली दिसत होती."

ती हसली. "दुरून सगळं चांगलंच दिसते."

लेकरांचं विचारलं. सगळं सांगितलं — पोळा, बैल, गोंडे. ती ऐकत होती, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. म्हटलं, तू तर पाहिलंस. म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकू द्या."

डॉक्टर म्हणतात, धोका टळला. औषध चालू राहील, पण दिवाळीनंतर घरी नेता येईल.

बुधवार, १३ नोव्हेंबर

कौसल्या घरी आली. टांग्यानं आणली. जैबुनबींनी दारात पाणी ओवाळून टाकलं. शेवंता तिच्या कुशीत शिरली ती निघेचना.

आनंद आला नाही. माझ्या पायामागं उभा राहून पाहत होता.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दोन दिवस झाले. आनंद तिच्या हातचं खात नाही. आज ती म्हणाली, "ये ना रे, आईजवळ ये." तो म्हणाला, "आई तिकडं हाय. दवाखान्यात." आणि जैबुनबींकडं पळाला.

कौसल्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी म्हटलं, लहान आहे, विसरला. तशी म्हणाली, "विसरला नाही तो. त्याचं बरोबर हाय."

मला कळलं नाही. विचारलं, तर म्हणाली, रविवारी सांगते.

रविवार, १७ नोव्हेंबर

कौसल्याच म्हणाली, बागेत जाऊ. हळूहळू चाललो. नाल्याच्या बाजूला, त्या खड्ड्यांपाशी पोचलो आणि आनंद ओरडला, "आई!"

वर व्हरांड्यात एक बाई उभी होती. पांढरं लुगडं. तिनं पदर हलवला — एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

कौसल्येनं माझ्या शेजारून हात वर केला आणि तिच्याकडं पाहून हलवला.

मग तिथल्या बाकावर बसून तिनं सांगितलं. जुलैत रक्ताची उलटी झाली. मागच्या खोलीत हलवलं. तिथून फक्त भिंत दिसते. डॉक्टरांनाच भरवसा नव्हता. वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर आर्णीकडची पंचफुला असायची. कौसल्येनं तिला शिकवलं, पदर कसा हलवायचा.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी लेकरायले जेवू घातलं असतं का? ड्युटीवर गेले असते का?"

"अन् तुले काही झालं असतं तं?"

"तं तिनं हालवणं बंद केलं असतं. तसं ठरलं होतं आमचं. मंग तुमाले कळलं असतं."

जुलैपासूनचे सगळे रविवार डोळ्यांसमोरून गेले. मी कुणाला हात करत होतो! आणि ती तिकडं भिंतीकडं पाहत पडलेली, मी कधी येतो, कधी जातो, कळायची सोय नाही. काय वाटलं, ते इथं लिहिता येत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

शेवंताला सांगायला बसलो. ती म्हणाली, "मले माहीत होतं बाबा."

"कधीपासून?"

"पह्यल्याच दिवसापासून. आई वाकून उभी राह्यते. ते वाकत नोती."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी दोन्ही हात वर केले होते ना."

रविवार, १ डिसेंबर

पंचफुलाबाई गेल्या वर्षीच बऱ्या झाल्या आहेत. नवरा सोडून गेला तो परत आला नाही. दुसरी केली म्हणतात. भाऊ घरात घ्यायला तयार नाही. दवाखान्यातच भाज्या निवडतात, खाटा पुसतात, बाहेर जायला जागा नाही म्हणून वॉर्डातलीच खाट आणि लुगडं. मूल झालंच नाही त्यांना. कौसल्या म्हणते, शनिवारपासूनच त्यांची तयारी असायची, लुगडं धुवायचं, केस विंचरायचे. मागच्या खोलीत येऊन सगळं सांगायच्या — आनंद पडला, उठला, शेवंतानं वेणी घातली. कौसल्या त्यावर आठवडा काढायची.

"तिले घरी आणू," कौसल्या म्हणाली.

मी म्हटलं, "खोली एवढीशी. वस्ती आधीच बोलत नाही आपल्याशी. अन् आनंद... तो तं तिलेच आई म्हणते. तुले चालीन?"

ती म्हणाली, "नाही चालणार. तरी आणू."

सोमवार, १६ डिसेंबर

पंचफुलाबाई आल्या. उंच, रुंद हाडाची बाई, हातात एक पिशवी. दारात बसून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. आनंदानं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं — आणि मागं फिरून कौसल्येचा पदर धरला.