पाळीची पाटी

प्रिय वसंता,

तुझ्या आयेला अक्षर येत नाही. मी सांगते आणि तुझी कुसुम लिहिते. आज ती दप्तरातून तुझी पाळीची पाटी घेऊन घरी आली, म्हणून हे पत्र.

आठवतं ना? आपल्या लालबागच्या चाळीत ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या दिवशी गॅलरी झाडायची. मी न झाडताच पहाटे ती शेजारच्या दारावर टांगून यायचे. पुढे तू सायन्सचा मास्तर झालास आणि तसलीच पाटी शाळेत नेलीस. एका टेबलाशी चौघं. कुणी ओतायचं, कुणी लिहायचं, सगळं आलटूनपालटून. ज्या टेबलावर पाटी, त्यांनी त्या दिवशी साऱ्या वर्गाच्या काचेच्या नळ्या धुवायच्या. डॉक्टरच्या मुलानेसुद्धा. "आये, तिथे तुझी लबाडी चालत नाही," म्हणायचास.

तू शाळकरी असताना तुला प्रयोग नाही, नुसत्या नळ्या धुवायलाच द्यायचे. रडत आलास, तर मी म्हणाले, "धू गुमान. काचेला हात तरी लागतो ना?" ते तू विसरला नाहीस.

मग संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला, गोळीबार झाला. वर्गातली पोरं अडकली असतील म्हणून परळच्या नाक्यावर धावलास. सगळ्यांच्या पाळ्या लावणारा तू, तिथे एकटाच का रे पुढे झालास?

तू गेलास आणि पाटी कुसुमच्या टेबलावर आली, ती हललीच नाही. त्या टेबलाशी सगळ्या आपल्याच वस्तीतल्या पोरी. पुढच्या टेबलांवरची पोरं प्रयोग करतात, या लांबून बघतात आणि मग धुतात. नवे मास्तर म्हणाले, "तुम्हाला सवय आहे."

कुसुमने मला विचारलं, काय करू? वसंता, माझ्या तोंडून पुन्हा तेच गेलं. धू गुमान.

आज पाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजी, मी शाळा सोडते." इथे तिचा हात थांबलाय. "लिही," म्हटलं, "बापाला कळू दे."

महाराष्ट्र येणार म्हणतात. येऊ दे. त्यातल्या नळ्या कुणी धुवायच्या, ते आधीच ठरलेलं दिसतंय.

तुझ्या शाळेत मी कधी पाऊल टाकलं नाही. अंगठेबहाद्दर आयेची तुला लाज वाटेल, असं वाटायचं. उद्या कुसुमबरोबर जाईन आणि पाटी पुढच्या टेबलावर टांगेन. ते काढतील, ठाऊक आहे. परवा पुन्हा टांगेन. दुसऱ्याच्या दारावर पाटी टांगायची मला सवय आहे.

तुझी लबाड आय
(अंगठा तिचा, अक्षर कुसुमचं)