पुंजाजीच्या नावाचा डबा

शेलूबाजार
दिवाळीनंतरचा बुधवार, १९७८

प्रिय इंद्रभान,

मायचा आशीर्वाद. तूर चांगली हाये, म्हैस व्याली, पारडू जगलं. झाली खुशाली. आता कामाचं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर हाये, नीट पाहून वाच. तुही भावजय सोजर धुनं घेऊन नदीवर गेली, ती यायच्या आत मले हे पत्र पेटीत टाकाचं हाये.

तू बोटीवरून तुह्या भावासाठी डबा धाडला, तवा पुंजाजी जिता होता, जीप चालवत होता. डबा पोचला तवा त्याची तेरवी होऊन गेली होती. पोस्टमन नवा, वट्ट्यावर उभा राहून विचारते, पुंजाजी कुठं हाये, सही लागते. सोजरनं सही केली अन् डबा पदराखाली घेतला. तवापासून तो तिच्याचजवळ हाये.

तुह्या चिठ्ठीतलं तिनं सारं पाठ केलं. मी न विचारता मलेही सांगतलं. साबनाच्या वडीएवढा पांढरा डबा, वर काळी काच, काचेत लाल ठिपके. खालचा ठिपका आपली मोटार, वरून येते ते दुसऱ्यांच्या. खटका डाव्या-उजव्या अंगाले सरकवून आपली वाचवाची. दुसरा खटका गेरचा, तो वाढवला का सारं जोरात पयते. कोपऱ्यात आकडा कमी कमी होते, तो सरायच्या आत वरपर्यंत पोचाचं. पोचलं तं बारीक सूर वाजते, धडकलं तं घर्रर्र करते. मांगं झाकन, त्यात चौकोनी सेल. मी म्हनलं, एवढाल्या बाईनं खेळनं खेळाचं काय? तं हसली. लय दिवसानं हसली, म्हनून मी डबा तिच्यापाशी राहू देल्ला.

मंग एक दिवस चुलीपाशी बसून त्या ठिपक्याशी बोलतानी ऐकली. हळू घ्या हो, पुढं वळन हाये म्हने. जऊळक्याच्या टेशनावर सवारी सोडून येतानी पुंजाजीले वळनावरच ट्रकानं ठोकलं, हे तुले ठावच हाये. माह्या हातातली भाकर तव्यावर जळली.

दसऱ्याच्या आधी तिचा बाप गोविंदा आला शिरपुराहून. पाट लावाचं म्हनून राह्यला, मानूस पाहून ठेवला, बिजवर हाये पन निर्व्यसनी. मी लगेच हो म्हनलं. पंचविशीची पोर, माह्या चुलीपाशी कायले म्हातारी करू? सोजर डब्यातला ठिपका दाखवून बापाले म्हने, बाबा, हे एक डाव घरी पोचू द्या, मंग तुमी म्हनान तिथं येतो. त्याले वाटलं मजाक हाये. चहा पेत बसला. ठिपका वर गेला, वर गेला, अन् घर्रर्र. दुसऱ्या बाजारी आला, तसंच. तिसऱ्यांदा तो घरात आलाच नाही, बाहेर बाजेवर बसून उपरन्यानं डोये पुसत राह्यला.

मी तिले टोमना मारला, काय वं, तुह्याच्यानं एक ठिपका हालत नाही? मंग मांगं उभी राहून पाह्यलं. अरे, हात असा बसला तिचा, का डोये मिटून नेईन. सारे ट्रक चुकवले. शेवटचा एक राह्यला. खटका जरासा सरकवाचा होता. तिनं अंगठा उचलून घेतला. पाहत राह्यली, त्याले येऊ देल्लं. पोचला तं सरलं ना. पोचत नाही तवर तो रस्त्यावर हाये, येऊन राह्यला हाये. मी गोठ्यात जाऊन शेन काढलं.

आता तुहं पत्र आलं, का सेल उतरला असन, नवे दोन धाडतो. उतरलाच हाये. ठिपका दिसावा म्हनून ती भरदुपारी कोठीत अंधारात बसते. सोमवारी ती पान्याले गेली तवा म्या डबा उचलला. कायले उचलला, विचारू नको. खटका सरकवला, अजून सरकवला. पुंजाजी वर गेला, पोचला. बारीक सूर वाजला. अन् मी उठली, बावा, फाटकाची कडी काढली, अन् रस्त्याकडं पाहत राह्यली. हातात पाय धुवाच्या पान्याची चरवी होती. ती कवा भरली, मले ठाव नाही.

म्हनून लिवतो. सेल धाडू नको. घेतले असन तं समुद्रात फेक. अन् सोजरले येगळं पत्र लिव, का तसा सेल आता भेटत नाही, कंपनीनं बंद केला. लबाडी हाये तं हाये, माह्यावर घाल. तो ठिपका विझन तं ती शिरपूरले जाईन, तिची चूल मांडन. माह्यी फिकीर करू नको. फक्त लवकर लिव. डब्यात अजून उजेड हाये, अन् आज बी म्या चरवी भरली.

तुहीच,
माय भागिरथा