चार वाद्यांच्या रचनांवर लिहिलेल्या नावाबाबत

मी, काशिराम दिनानाथ मढवी, वय एकोणपन्नास, धंदा हार्मोनियम दुरुस्ती, राहणार पनवेल, मूळ गाव द्रोणागिरीच्या पायथ्याचे, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृती चांगली आहे. कोणाचेही दडपण नाही असे लिहायचा रिवाज आहे, पण ते मला लिहिता येत नाही. दडपण आहे. ते कशाचे, ते तिसऱ्या कलमात येईल.

१. पनवेलची सदनिका मी माझी थोरली बहीण दमयंती हिला देतो. ती विधवा आहे, वय अठ्ठावन्न, सुकी मासळी विकते आणि माझ्याजवळच राहते. माझे लग्न झालेले नाही. ‘देतो’ म्हणणेही खरे नाही. वडिलांची जमीन संपादनात गेली आणि बदल्यात भूखंड मिळाला, तेव्हा तिने हक्कसोडपत्रावर सही केली. माहेर तुटू नये म्हणून आमच्याकडे बहिणी अशी सही करतात. कचेरीतून बाहेर आल्यावर तिनेच मला उसाचा रस पाजला. तो भूखंड विकून ही सदनिका झाली.

२. दुकानातील हत्यारे, सुरांच्या पट्ट्या व दोन जुन्या पेट्या गावच्या भजनी मंडळास द्याव्यात. मात्र मंडळातील दाजी भोईर याने भात्याला हात लावू नये. त्याने माझी पेटी दिवसभर उन्हात ठेवली होती आणि वर म्हणाला, “लाकूडच हाय, वितळनार हाय का?” मी त्याला क्षमा केली आहे, पण पेटीने केलेली नाही.

३. आता मुख्य गोष्ट. मुंबईच्या श्रीमती रेवा सबनीस यांचा चार वादकांचा गट आहे: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. लहान खोलीत, समोर बसलेल्या थोड्या लोकांसाठी ते वाजवतात. ज्यांना कोणी कधी विचारत नाही अशा रचनाकारांकडून ते नव्या रचना मागवून घेतात. त्यांनी वाजवलेल्या दोन रचनांवर माझे नाव छापले आहे. त्या दोन्ही दमयंतीच्या आहेत.

ती मासळी निवडताना स्वतः रचलेले गाते. एक ओळ म्हणते आणि सांगते, “आता दुसरीनं खालून यायचा, तिसरीनं गप ऱ्हायाचा.” लग्नात बायका एकमेकींना उत्तरे देत गातात, तसे. तरुणपणी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवताना मी इंग्रजी पद्धतीची स्वरलिपी शिकलो होतो, म्हणून तिचे गाणे कागदावर उतरवून ठेवायचो. असा एक कागद दुकानात पडला होता. पेटी दुरुस्तीला घेऊन आलेल्या रेवाताईंनी तो उचलला, गुणगुणून पाहिला आणि विचारले, “दादा, हे कोणाचं आहे?”

मी म्हणालो, “आमच्या घरचं.”

तेव्हा मी खोटे बोललो नव्हतो. पंधरा दिवसांनी फॉर्म आला. त्यात ‘रचनाकार’ अशी एक ओळ होती. आमच्या घरी शिधापत्रिका, वीजबिल, जमिनीचे कागद, सगळ्यावर घरच्या पुरुषाचे नाव असते. हात त्या सवयीने चालला. दमयंतीला विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही.

मुंबईत कार्यक्रम झाला, गावाने सत्कार केला. घरी येऊन मी हार तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, “ताई, उद्या सगळ्यांना खरं सांगतो.” तिने माझा हात धरून देव्हाऱ्यातल्या एकवीरा आईच्या टाकावर ठेवला. “तू जिता हायस तवर तोंड उघडायचा नाय. लोकं तुला चोर बोलतील. माझ्या माहेरात आता तूच येकटा हायस.” मी शपथ घेतली. हात तिने धरला होता हे खरे, पण मी तो मागे ओढला नाही. मला सुटल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून अडकलो आहे; दुसरी रचनाही माझ्याच नावावर गेली.

यंदा रेवाताईंनी तिसरी रचना मागितली. निदान ही तरी माझी असावी म्हणून मी सोळा पाने लिहिली. ती जमली नाहीत; दुकानाच्या खालच्या खणात आहेत, जाळावीत.

४. बँकेतील शिल्लक रेवाताईंच्या गटास, एकाच कामासाठी: त्यांनी दमयंतीकडून नवी रचना मागावी. मागायला तिच्या घरी यावे, जमिनीवर बसावे, फॉर्म तिला वाचून दाखवावा. ती नाही म्हणाली, किंवा माझ्याआधी गेली, तर तिच्यासारख्या दुसऱ्या गाणाऱ्या बाईकडे जावे. नाव तिचेच लिहावे, तिच्या भावाचे, नवऱ्याचे नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दमयंतीचा मुलगा मिथुन याने करावी. मामाबद्दल राग आला तर तो रास्त आहे. आईवर रागावू नये.

लेखन इथे संपणार होते. आत्ता दमयंती कोळंबीचे सूप घेऊन आत आली.

“काय लिवतोस रं एवढा?”

“सोसायटीचा अर्ज.”

“येवढा मोठा? लिफ्ट मागतोस का उडायला इमान?” मग जवळ बसून म्हणाली, “तुझी मुंबईवाली बाई थांबलीय ना? घे, लिव.” आणि तिने चारही ओळी गाऊन दाखवल्या. दुसरा कागद हाताशी नव्हता. त्या याच पानाच्या मागे उतरल्या आहेत, आणि वर मी रचनाकार म्हणून ‘दमयंती’ असे लिहिले आहे.

मागील मजकूर या मृत्युपत्राचाच भाग समजावा. ही रचना आता गटाला देता येत नाही: तिचे नाव सांगायला शपथ आडवी येते, आणि माझे नाव मी पुन्हा लिहिणार नाही. या महिन्याअखेर ‘माझ्याकडे काही नाही’ असे मी रेवाताईंना कळवीन. तेही खरेच आहे. दमयंतीलाही सांगीन की त्यांना ती पसंत पडली नाही. तिला वाईट वाटेल.

लिहून शपथ मोडते का, हे एकवीरा आईला विचारतो. उत्तर आलेले नाही. पाकीट मी मेल्यावर उघडावे. मी दमयंतीहून नऊ वर्षांनी लहान आहे, आणि आमच्या घरात पुरुष नव्वदीपर्यंत जगतात.

साक्षीदारांनी फक्त माझी सही पाहिली आहे, मजकूर वाचलेला नाही.

काशिराम दिनानाथ मढवी (सही)

साक्षीदार: १. अवधूत नारायण केणी (सही)
२. कमळाकर हिरू घरत (सही)

पनवेल, १८ नोव्हेंबर २०२५