सासऱ्यांच्या नावाची जागा

अथेन्स,
१४ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

सहा वर्षांनी लिहिते आहे. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं बरं आहे. स्तेलियोसचं दुकान चालतं. आमचा मुलगा पांतेलिस नऊ वर्षांचा झाला. इथल्या रीतीप्रमाणे त्याला आजोबांचं नाव आहे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. दिवसातून दहादा मी ते खिडकीतून ओरडते. तुला हे आवडायचं नाही.

मी अजून दुभाष्याचंच काम करते. आश्रय मागायला माणसं येतात, अधिकारी विचारतो, मी दोघांचं एकमेकांना सांगते.

आमारेच नावाची एक बाई आहे, इथिओपियातल्या आपल्या कंबाटा मुलखातलीच. नवरा शाळामास्तर होता. त्याला घरातून उचलून नेलं आणि चौथ्या दिवशी प्रेत दारात टाकलं. मग तिला शोधायला लागले. दोन मुली घेऊन ती इथवर पोचली.

तिचा अर्ज फेटाळला. अपीलही फेटाळलं. निकाल मी वाचला. सासऱ्याचं नाव तिनं चुकीचं सांगितलं, सबब लग्न विश्वसनीय नाही, सबब नवऱ्याचा मृत्यूही विश्वसनीय नाही. बारा पानं अशी. कुणीतरी जेवून, हात धुऊन, टेबलाशी बसून एक प्रेत खोटं ठरवलं.

तुला कळलंच असेल काय झालं ते. “सासऱ्याचं नाव?” असं विचारल्यावर ती खाली बघत राहिली. आपल्याकडे सुना सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत; त्याऐवजी जो दुसरा शब्द वापरतात, तो मग तिनं सांगितला. अधिकाऱ्यानं तोच नाव म्हणून टाइप केला. नवऱ्याच्या कागदांवर अर्थातच खरं नाव होतं.

आता प्रकरण न्यायालयात आहे. ती खरं बोलते का, हे न्यायाधीश बघत नाहीत. खोटं ठरवणाऱ्यांनी ते रीतसर ठरवलं का, एवढंच बघतात. तिची वकील देस्पिना मला भेटायला आली. पहिल्या मुलाखतीची प्रत तिनं माझ्यापुढे आपटली.

“अगं बाई, ही चालीरीत तुला माहीत होती?”

“होती.”

“मग तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?”

“दुभाष्यानं आपलं काही सांगायचं नसतं. नियम आहे.”

“नियम! त्या नियमाला दोन मुली आहेत का? हिला आहेत.”

हो, अक्का. त्या खोलीत दुभाषी मीच होते.

त्या दिवशी आमारेच माझ्याकडे वळून म्हणाली होती, “ताई, तूच सांग ना याला. तुला तर कळतंय.” हे वाक्यसुद्धा मी भाषांतरित केलं नाही. त्याचं खरं कारण तो नियम नव्हे. अधिकारी तरुण होता, हसतमुख. मी समजावून सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, “तुम्ही पण असंच करता?” एवढ्याची मला लाज वाटली. खाली सही केली : भाषांतर पूर्ण व अचूक.

बाहेर आल्यावर तिनं माझ्या ओंजळीत भाजलेले जव घातले. मी ते खाल्ले. तिचं वाक्य मी गाळलं, हे अजून तिला माहीत नाही.

सहा वर्षांपूर्वी गावी आले तेव्हा तुझ्या अंगणात मी तुझ्या सासऱ्यांचं नाव मुद्दाम मोठ्यानं घेतलं आणि हसले. तू कान झाकून घरात गेलीस. मला वाटलं, मी तुझ्या पुढे गेले. किती घाण हसणं होतं ते.

आज सकाळी देस्पिनासमोर मी लिहून दिलं : भाषांतर अपुरं होतं, तिचं एक वाक्य मी दडवलं. ती म्हणाली, मुलाखतच सदोष होती असं न्यायाधीशांना पटलं, तर ते निकाल रद्द करून पुन्हा ऐकायला लावतील. आशा थोडी आहे. माझं काम सोमवारपासून बंद.

एक मागायचं आहे. आपल्याकडे ही चाल आजही आहे, असं चर्चच्या शिक्क्यानिशी लिहून पाठव. सुनावणी दहा डिसेंबरला आहे. सोबत छापील कागद जोडला आहे. त्यात तुझं नाव, नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव अशा जागा आहेत. चर्चचा पाळक म्हणेल, मी भरतो. त्याला भरू देऊ नकोस.

सासऱ्यांच्या नावाची जागा रिकामी ठेव. इथल्या तीन न्यायाधीशांना ती बघू दे.

तुझ्या सासऱ्यांचं नाव मी पुन्हा घेणार नाही.

तुझ्या अंगणात हसलेली,
तुझी धाकटी